उशिरोमेताई, नागपूरकर

एक जपानी शब्द, एक मोकळा रविवार आणि आपणच पाठ फिरवलेलं आपलं शहर

'उशिरोमेताई' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तर वाटतं, ही आपल्याच गल्लीतली कुणीतरी ताई असणार. प्रत्येक लग्नाला मंगलाष्टकं आटोपल्यावर पोचणारी, आणि वर 'पंगत सुरू झाली का व?' असं विचारणारी. उशिरोमेताई!

पण नाही. हा अस्सल जपानी शब्द आहे. माझी एक मैत्रीण पुण्यात जपानी क्लायंटसाठी काम करते. दिवाळीला नागपूरला आली, तेव्हा तर्री पोह्यांच्या प्लेटवर तिने हा शब्द मला ऐकवला. अर्थ विचारला तर म्हणाली, "मन खातं ना आपलं, ते."

जपानी शब्दांचं आपल्याकडे सध्या भलतंच पीक आलंय. काइझेन आपल्याला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी पाजलं जातं. इकिगाई एअरपोर्टवरच्या प्रत्येक बुकस्टॉलवर. वाबी-साबी इंटिरिअरवाल्यांच्या तोंडी. उशिरोमेताई मात्र कुठल्याच एचआरच्या पीपीटीत सापडत नाही. साहजिकच आहे म्हणा! सोमवारी सकाळी नऊ वाजता 'तुमचं मन तुम्हाला कशाबद्दल खातं?' असं विचारणारं ट्रेनिंग कोण ठेवणार?

शब्द उलगडून बघू या. 'उशिरो' म्हणजे मागे, पाठीमागे. 'मे' म्हणजे डोळा. 'इताई' म्हणजे दुखणारं. व्युत्पत्ती सांगणारे एकाहून जास्त आहेत, पण त्यातली ही एक चांगलीच प्रचलित आहे. पाठीमागे डोळा असावा आणि तो दुखत असावा, असं काहीतरी. पोलिसात जाण्याइतका मोठा गुन्हा नाही. त्यासाठी जपानीत वेगळा, जड शब्द आहे. हा शब्द छोट्या, चिकट टोचणीचा. कुणी काही म्हणत नाहीये, कुणी बघतही नाहीये, तरी मागे वळून बघायची हिंमत होत नाही, ती अवस्था.

आपल्या मराठीतही ही सगळी पाठीचीच भानगड आहे की! आपण एखाद्याकडे 'पाठ फिरवतो'. चुकणाऱ्याला 'पाठीशी घालतो'. आणि मग तीच गोष्ट आपली 'पाठ सोडत नाही'. जपान्यांनी पाठीला डोळा दिला, आपण तिला पाठलाग दिला, एवढाच फरक. आपल्या आयुष्यात 'गिल्टी' हा शब्द आता बहुतेक वेळा चीजकेकनंतरच येतो, ही गोष्ट वेगळी.

तर आयडिया अशी. नागपूर बघायचं म्हटलं की आपण पाहुण्यांना ठरलेला कोर्स देतो. फुटाळा, तेलंगखेडी, सावजी, संत्रा बर्फी, आणि वेळ उरला तर ताडोबा. या वेळी जरा वेगळा रूट घेऊ. जिथून आपण रोज जातो पण जिथे मान वळवून बघत नाही, त्या जागांचा. गाइड म्हणून सोबत उशिरोमेताई आहेतच.

स्टॉप एक : झीरो माइल, घोड्यांच्या पलीकडे

झीरो माइलचे चार घोडे कुणाला माहीत नाहीत? नागपूरवर कुठलीही डॉक्युमेंट्री करा, पहिला शॉट तोच. वालुकाश्माचा खांब, बाजूला घोडे, आणि 'हा भारताचा मध्यबिंदू' ही लहानपणापासून ऐकलेली टेप. खरं तर ही इंग्रजांच्या ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेची खूण. १९०७ साली बसवलेली. समुद्रसपाटीपासूनची उंची तिच्यावर फुटाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशी गावं इथून किती मैलांवर आहेत, तेही दगडात लिहिलंय. साहेब मोजमापाला पक्का होता, यात वादच नाही.

आता मेट्रोचं झीरो माइल फ्रीडम पार्क स्टेशन इथेच आहे. खाली उतरा, सेल्फी काढा. आणि मग थोडं पुढे चालत जा. सीताबर्डीच्या दिशेने. तिथे एक स्मारक आहे. आदिवासी गोवारी शहीद स्मारक.

आपल्यातल्या पंचविशी-तिशीच्या मंडळींना ही गोष्ट आठवायचं कारण नाही. आपण तेव्हा शाळेत तरी होतो, नाहीतर जन्मालाही आलो नव्हतो. २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. विदर्भाच्या गावागावांतून हजारो गोवारी मोर्चा घेऊन आले होते. गोवारी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं राखणारा समाज. दिवाळीत पाडव्याला विदर्भातल्या खेड्यात गायगोधन होतं, ढाली नाचवल्या जातात, तो मान यांचा. मागणी साधी होती. आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. सरकारच्या यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद होती, आणि आम्ही ते नाही असं आम्हाला सांगितलं जातंय, तर मग आम्ही कोण ते तरी ठरवा.

मोर्चा अडवला गेला. लोक दिवसभर रस्त्यावर बसून राहिले. बायका, कडेवर मुलं, म्हातारी माणसं. कुणीतरी मंत्री येईल, निवेदन घेईल, मग परतीची गाडी पकडू, एवढीच अपेक्षा. संध्याकाळी लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरी. ११४ माणसं मेली. त्यात बायका आणि मुलं सर्वांत जास्त.

आकडा पुन्हा वाचा. ११४. आज ज्या रस्त्यावर आपण ऑफिसच्या पार्टीसाठी केक घ्यायला बाइक लावतो, त्याच परिसरात. विधान भवन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते अंतर त्या दिवशी कुणीच चालून आलं नाही. हैदराबादचे मैल मोजणारा तो दगड जवळच उभा होता.

पुढे काय झालं? तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. १९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं गेलं. म्हणजे मागितलं एक आणि मिळालं दुसरंच. मग कोर्ट. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गावागावांत गुलाल उधळला गेला. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. यादीतली नोंद बदलणं हे कोर्टाचं काम नाही, असं म्हणून. मधल्या काळात ज्यांना ॲडमिशन किंवा नोकरी मिळाली, त्यांची तेवढी वाचली. विचार करा, एकाच घरात थोरल्या भावाचं प्रमाणपत्र चालतं आणि धाकट्याचं चालत नाही, अशी ही गंमत.

वर्धा रोडवरच्या सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचंच नाव आहे. पण आपण काय म्हणतो? "बर्डीचा पूल." नाव दिलं की जबाबदारी संपली असं शहराला वाटतं. आणि नाव लांब असलं की शहर ते आखूड करून टाकतं.

उशिरोमेताईंचा इथे प्रश्न एकच आहे. लाठी आपण उचलली नव्हती, मोर्चा आपण अडवला नव्हता. मग मन कशाला खायचं? माझं उत्तर असं की गुन्हा आपला नाही, पण विसरणं आपलं आहे. आणि पाठीमागचा डोळा दुखतो तो विसरण्यानेच.

स्टॉप दोन : दीक्षाभूमी, ट्रॅफिक डायव्हर्जनच्या पलीकडे

बर्डीवरून ऑरेंज लाइन पकडून रहाटे कॉलनीला उतरा. तिथून थोडी पायपीट. पांढराशुभ्र घुमट दिसायला लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे भदन्त चंद्रमणींच्या हस्ते बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. येवल्याला 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली होती ती १९३५ मध्ये. म्हणजे एकवीस वर्षांचा विचार होता मागे. आणि पुढे दोन महिनेसुद्धा नव्हते. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. आजचा स्तूप तयार होऊन त्याचं लोकार्पण झालं ते १८ डिसेंबर २००१ रोजी, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. बाहेरून सांचीची आठवण होते. आत गेल्यावर मात्र दचकायला होतं. एवढा मोठा घुमट आणि आतून मोकळा! तुमचा स्वतःचा खोकला तुम्हाला परत ऐकू येतो. आवारातला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या झाडाच्या फांदीपासून वाढलेला.

आता एक नाजूक गोष्ट. धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर. हा भाग दीक्षाभूमीपासून हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या कित्येक घरांत दीक्षाभूमीची ओळख वर्षानुवर्षं एकच होती. 'दसऱ्याला तिकडून जाऊ नको, रस्ते बंद असतात.' बस्स. जगभरातून माणसं जिथे येतात, त्या जागेचं शेजाऱ्यांच्या शब्दकोशातलं नाव ट्रॅफिक डायव्हर्जन!

पण एकदा दसऱ्याला गर्दीत शिरूनच बघा. नांदेडच्या, गोंदियाच्या, बुलढाण्याच्या आज्या पांढऱ्या लुगड्यात डोक्यावर गाठोडं घेऊन आलेल्या असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेवणाचे स्टॉल्स, पैसे कुणी घेत नाही. बँकवाले, रेल्वेवाले, डॉक्टर, सगळे वाढपी झालेले. आणि सर्वांत मोठी गर्दी कुठे? पुस्तकांच्या स्टॉलवर. ज्या आजीला स्वतःला अक्षर वाचता येत नाही, ती नातीसाठी पुस्तक घेते, पदराच्या टोकाच्या गाठीतून पैसे काढून. जत्रेतून खेळणं नेतात तसं इथून पुस्तक नेतात. तुमच्या-माझ्या कुठल्या सणाला असं होतं, सांगा बरं?

गोवारी स्मारकापाशी जी टोचणी लागते, ती इथे पोचलेल्या त्या आजीच्या चेहऱ्यावर औषधालासुद्धा नसते. ती ताठ असते. इथे आलेल्यांनी ठरवून मागचं मागे टाकलेलं आहे. मान खाली घालायची वेळ असेल तर ती ज्यांनी त्यांना शतकानुशतकं मागे ठेवलं, त्यांची. म्हणजे उशिरोमेताई इथेही आहेत, फक्त त्या गेटच्या आत नाहीत. त्या शेजारच्या कॉलन्यांच्या बाल्कनीत उभ्या आहेत.

स्टॉप तीन : कामठी, ड्रॅगनचा महाल आणि एक जपानी नागपूरकर

जपानी ताईंना घेऊन निघालोय तर त्यांना माहेरी नको का न्यायला? ऑरेंज लाइनचं उत्तरेकडचं टोक म्हणजे ऑटोमोटिव्ह चौक. तिथून ऑटो किंवा बसने कामठी. ड्रॅगन पॅलेस टेम्पल १९९९ मध्ये सुरू झालं. जपानच्या नोरिको ओगावा यांनी दिलेल्या दानातून आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने. नागपूरचं 'लोटस टेंपल' असंही लोक म्हणतात. दोन मजली पांढरी इमारत, भोवती छाटलेली हिरवळ, वर चंदनाची बुद्धमूर्ती. रविवारी कॉलेजची पोरंपोरी भरपूर. फोटो झक्कास येतात. आत मात्र मोबाइल सायलेंटवर. आणि मनसुद्धा, जमलं तर.

'नाग' या आपल्या शब्दाला बौद्ध परंपरेतून जपानकडे जाता जाता ड्रॅगनचं रूप मिळालं. म्हणजे ड्रॅगन पॅलेस हे 'नागपूर' या नावाचंच जपानी भाषांतर म्हणायला हरकत नाही. आणि या भाषांतरावर एका माणसाचं अख्खं आयुष्य बेतलेलं आहे.

भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई. जन्म जपानमध्ये, १९३५ सालचा. थायलंडमार्गे हे भिक्खू भारतात आले. बिहारमधल्या राजगीरला फुजी गुरुजींच्या शांतिस्तूपाचं काम चालू होतं, तिथे राहिले. मग जपानला परतायचं ठरलं. ते स्वतः सांगत आले ती गोष्ट अशी, की राजगीरला एका रात्री त्यांना नागार्जुनाचं दर्शन झालं आणि आदेश मिळाला, दक्षिणेकडच्या ड्रॅगनच्या नगरीत जा. ड्रॅगनची नगरी कुठली? नागांचं पूर. नागपूर! १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते नागपूरला उतरले, आणि इथलेच झाले. मराठी-हिंदी शिकले, वस्त्यांमध्ये राहिले, पुढे भारतीय नागरिकत्व घेतलं. बोधगयेच्या महाबोधी विहारासाठीचं १९९२ नंतरचं आंदोलन त्यांच्या नेतृत्वाखाली झालं. रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननामागेही त्यांचा आग्रह होता.

आणि जपानला परत पाय ठेवला तो कधी? २००९ मध्ये. चाळीसपेक्षा जास्त वर्षांनी.

त्यांच्या मनात मागे काय दुखत होतं, ते मी कसं सांगणार? पण इथे उशिरोमेताई शब्दाचा जुना अर्थ आठवतो, आणि आता तो सांगायची वेळ झाली. हजार वर्षांपूर्वीच्या जपानीत, 'गेंजी मोनोगातारी'च्या काळात, या शब्दाचं रूप 'उशिरोमेताशी' होतं आणि अर्थ अपराधीपणा नव्हता. अर्थ होता काळजी. आपण निघालो, पण मागे राहिलेल्यांचं कसं होईल? आपल्या नजरेआड त्यांचं काय होईल? मागे सोडलेल्या माणसांसाठी लागलेला घोर, तो उशिरोमेताशी. त्याचा विरुद्धार्थी शब्दही होता. 'उशिरोयासुशी', म्हणजे मागची चिंता नाही, निर्धास्त.

पुढच्या शतकांत कधीतरी त्या घोराची टोचणी झाली. 'त्यांचं कसं होईल'चं 'मी असं करायला नको होतं' झालं. भाषा असं उगीच करत नाही. काळजी वाटली आणि काळजी घेतली नाही, की उरते ती टोचणीच.

स्टॉप चार : नाग नदी, घरांच्या पाठीशी

शहरात परत या. आता ॲक्वा लाइन. पश्चिमेला लोकमान्यनगरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची सीट पकडली तर अंबाझरी तलाव वरून मस्त दिसतो. याच तलावाच्या ओव्हरफ्लोने २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहराची झोप उडवली होती. काही तासांत तुफान पाऊस, आणि नदीकाठच्या वस्त्यांत बघता बघता पाणी. ज्या कॉलन्यांत 'आपल्याकडे कुठे पूर येतोय' अशी खात्री होती, तिथे लोकांना बोटीने काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सोफे, गाद्या आणि फ्रिज वाळत घातलेले.

आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं, अरे, आपल्याला एक नदी आहे!

नाग नदी. जिच्यावरून शहराचं नाव पडलं असं सांगतात, ती. पश्चिमेकडच्या टेकड्यांमधून निघते, गाव चिरत पूर्वेला जाते. तिला शहरात नदी कोण म्हणतं? नाला. रिक्षावाला म्हणतो नाला, फ्लॅट दाखवणारा ब्रोकर म्हणतो नाला, आणि ब्रोशरमध्ये तर तिचा पत्ताच नसतो. एखाद्या पुलावर थांबून दोन्ही काठ बघा. प्रत्येक घराची पाठ नदीकडे. बाल्कनी रस्त्याकडे, बाथरूमची खिडकी आणि ड्रेनेजचा पाइप नदीकडे. 'पाठ फिरवणे' हा वाक्प्रचार सिमेंटमध्ये बघायचा असेल तर इथे या.

गंमत म्हणजे देशभराला पाणी आणि प्रदूषण शिकवणारी नीरी ही संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. नदीतून वाहून गेलेलं मात्र नाहीसं होत नाही. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाऊन थांबतं. आपण इथे फ्लश ओढतो आणि विसरतो. तिथे खाली वैनगंगेकाठचा मासेमार त्याच पाण्यात जाळं टाकतो. धरणासाठी जमीन दिलेली गावं त्याच पाण्याच्या वासात राहतात. पाठीमागे डोळा असता तर तो कुठे बघत असता, हे वेगळं सांगायला नको.

नदी साफ करायची सुमारे दोन हजार कोटींची योजना आखली गेली आहे. कर्ज कुणाचं, ओळखा पाहू? जपानच्या जायकाचं! उशिरोमेताई आता पर्स उघडूनच बसल्या आहेत. सांडपाणी प्रकल्प होतील, पाइप बदलतील. पण बाल्कनी नदीकडे वळवायचं कर्ज कुठलीच बँक देत नाही.

शेवटचा स्टॉप : 'पोचली का?'

रविवार संध्याकाळ. नागपूर सोडायची वेळ. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण तरी सोडून गेलेलेच असाल, पुण्याला, हिंजवडीला, बंगळुरूला, हैदराबादला. सोडून जाणं सोपं होत चाललंय. समृद्धी महामार्ग २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि २०२५ मध्ये थेट मुंबईच्या तोंडापर्यंत उघडला, ७०१ किलोमीटर. पुण्याला जायला ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून वंदे भारत आहे. स्लीपर ट्रॅव्हल्स तर आहेतच. मिहानमध्ये मोठ्या कंपन्या आल्या, काही जण परतलेही. तरी रविवारी संध्याकाळी बॅगा जास्त बाहेरच्याच दिशेने जाताना दिसतात.

स्टेशनवर आई-बाबा सोडायला येतात. बाबा बर्थ नंबर तीनदा तपासतात. आई डब्यात पाटवड्या आणि संत्री कोंबते. 'अगं, तिकडे मिळतात' म्हटलं तर, 'मिळत असतील बाप्पा, अशी नाही मिळत.' गाडी हलली की ती दोघं प्लॅटफॉर्मवर लहान होत जातात. वर्षागणिक जरा जास्तच लहान होतात, असं नाही वाटत?

मग फोन. रोजचा, तोच. 'पोचली का? जेऊन राहिली ना बरोबर?' आपण विचारतो, 'तुमचं कसं चाललंय?' उत्तर ठरलेलं. 'आमचं काय, मस्त आहे.' बाबांचा गुडघा दुखतोय हे शेजारच्या काकूंच्या व्हॉट्सॲपवरून कळतं. आईने मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली, कारण 'तुझी रिलीज होती ना.' ते आपल्याला घोर लागू नये म्हणून खोटं बोलतात. आपण ते खोटं आहे हे ओळखून विश्वास ठेवतो. दोन्ही टोकांना उशिरोमेताई फोनला कान लावून बसलेल्या असतात.

माझी ती मैत्रीण तर्री पोहे खाता खाता हेच म्हणाली होती. "गिल्ट म्हटलं की वाटतं माझी काहीतरी चूक झाली. माझी चूक काय आहे? इथे जॉब नव्हता, तिकडे होता. पण उशिरोमेताई म्हटलं की चूक असावी लागत नाही. मागे कुणीतरी आहे, एवढं पुरतं."

मला हे पटलं. चूक शोधायला गेलं की आपण लगेच वकील होतो. तेव्हा मी शाळेत होतो, नदी मी घाण केली नाही, जात मी बनवली नाही, नोकरी मी मुद्दाम पुण्यात शोधली नाही. सगळं खरं. केस जिंकलो. आणि तरी मागचा डोळा दुखतच राहतो. कारण त्याला निकाल नकोच असतो. मागे वळून बघावं, एवढंच त्याला हवं असतं. स्मारकापाशी दोन मिनिटं थांबलं, दसऱ्याला एकदा त्या गर्दीत आजीच्या हातचं पाणी प्यायलं, नाल्याला नदी म्हटलं, आणि ऑपरेशनच्या तारखेला रिलीजची तारीख हलवली. यातून जग बदलणार नाही. पण मान वळते. आणि एकदा वळली की ती दुसऱ्यांदा वळायला तेवढी जड जात नाही.

उशिरोमेताईंची वीकएंड पर्स

कसं फिराल : मेट्रोने. ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लाइन्स सीताबर्डी इंटरचेंजला भेटतात. कामठीसाठी ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे ऑटो किंवा बस.

काय खाल : सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे. तर्री जपून, पांढरा शर्ट टाळा. दुपारी सावजी, पण कामठीची चक्कर आधी आटपा. सावजीनंतर ध्यान लागत नाही, झोप लागते. परतताना संत्रा बर्फी, एक डबा जास्तीचा घ्या. ऑफिसात पुरत नाही.

केव्हा जाल : ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आलात तर फक्त पश्चात्ताप होईल, आणि तो जपानी नसेल.

लक्षात ठेवायच्या तारखा : दीक्षाभूमीसाठी दसरा आणि १४ ऑक्टोबर. झीरो माइलजवळच्या स्मारकासाठी २३ नोव्हेंबर. त्या दिवशी गावागावांतून गोवारी बांधव श्रद्धांजली वाहायला येतात. तुम्ही गेलात तर कुणी 'तुम्ही कोण' असं विचारणार नाही. थोडं सरकून जागा देतील.